फुल, हाफ की डाएट? नाशिकच्या मेसचे तीन डबे, मुलींच्या गरजेच्या मापाने

कॉलेज रोड, गंगापूर रोड, थत्तेनगर, कृषीनगर, तिकडे अमृतधाम-आडगावची बाजू. बाहेरगावच्या मुली जिथे खोली करून राहतात तिथे डब्याचा धंदा चालतोच. निफाड, चांदवड, कळवण, सुरगाणा, थेट धुळे-नंदुरबारपासून आलेल्या मुलीच्या दिवसभराच्या खाण्याचा मोठा हिस्सा याच स्टीलच्या डब्यातून येतो. दरपत्रकावर फुल आणि हाफ या दोन ओळी नेहमीच्या. आता बऱ्याच ठिकाणी तिसरी ओळ दिसते: डाएट डबा. हे परीक्षण या तिन्ही डब्यांचं आहे. कुठल्या एका मेसचं नाव घेत नाही, कारण मेस बदलली तरी डब्यातले जिन्नस आणि मापं फारशी बदलत नाहीत आणि गडबड होते तीही ठरलेल्या जागीच.

निकाल आधीच सांगून टाकतो. सतरा ते बावीस वयाच्या मुलीने फुल डबा लावावा, आमटी घट्ट मागून घ्यावी आणि दही, अंडं किंवा मूठभर शेंगदाणे स्वतःचे जोडावेत. एक जेवण दुसरीकडे पक्कं होत असेल तरच हाफ लावावा. डाएट डबा लावू नये. ज्या मुलीला वैद्यकीय कारणासाठी खरोखर वेगळा आहार लागतो, तिलाही मेसच्या या तयार डाएट डब्याचा उपयोग नाही.

पुढे कॅलरींचे आकडे येतील. ते मेस चालवणाऱ्या काकूंसाठी, आईवडिलांसाठी आणि डबा निवडणाऱ्या मुलीसाठी आहेत. ज्या मुलीच्या डोक्यात आकडेमोड आधीच दिवसभर चालू असते, जी पोळी मोडण्याआधी हिशोब करते, तिने आकडे सोडून थेट शेवटाकडचा मजकूर वाचावा. तो तिच्यासाठी जास्त कामाचा आहे.

मोजायचं कशाशी, तेही सांगायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार, ५५ किलो वजनाच्या आणि बैठं काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी लागतात, मध्यम हालचाल असेल तर २,१३०. प्रथिनं ४६ ग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम, कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम. सोळा ते अठरा वयाच्या मुलींसाठी हेच आकडे २,५०० कॅलरी, ५५ ग्रॅम प्रथिनं आणि ३२ मिलिग्रॅम लोह असे चढतात. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलीची गरज तिच्या आईपेक्षा जास्त असते. 'एवढ्याशा मुलीला किती लागतं' असं म्हणून दोन पोळ्या कमी भरणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात घ्यावा.

आता फुल डबा. चार पोळ्या, वाटीभर सुकी भाजी, आमटी किंवा वरण, वाटीभर भात, काकडी-कांद्याच्या फोडी, कधी लोणचं. पोळी ३० ग्रॅम कणकेची असली तर एका पोळीतून साधारण १०० कॅलरी आणि तीन ग्रॅम प्रथिनं मिळतात, वर लावलेलं तेल वेगळं. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत बसणाऱ्या भाताच्या सव्वाशे-दीडशे. भाजीचं तेल धरून सव्वाशेच्या आसपास. सगळं मिळून एका वेळेला ७५० ते ८००. दोन वेळचा डबा नीट खाल्ला आणि सकाळी पोहे किंवा उपमा आणि कपभर दूध घेतलं की दोन हजारांच्या घरात जातं. प्रौढ मुलीला एवढंच हवं असतं, अकरावी-बारावीच्या मुलीला याहूनही जास्त. फुल डब्याने मुली जाड होतात ही कॉलेज रोडवरची समजूत आकड्यांना धरून नाही.

फुल डब्याची खरी खोट प्रथिनांत आहे आणि ती आमटीतून येते. एका वाटीत ३० ग्रॅम डाळ असली तर वरण चांगलं घट्ट होतं आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. मेसच्या पातळ आमटीत वाटीमागे दहा-बारा ग्रॅमच डाळ पडते. मग दोन-अडीच ग्रॅमवर कारभार. पन्नास डब्यांना दीड किलो डाळ लागते, तिथे अर्धा किलोत भागवलं की हे असं होतं. घरी तपासायची सोपी रीत आहे. आमटी सरळ काचेच्या पेल्यात ओतायची, न हलवता पंधरा मिनिटं ठेवायची. डाळ तळाशी बसते, वर पाणी आणि तर्री राहते. डाळीचा थर पेल्याच्या पाव उंचीपर्यंतही येत नसेल तर ती आमटी भात ओला करण्यापुरती. ती बघून काकूंशी भांडू नये, हिशोब मांडावा. तूरडाळ दीडशे रुपये किलो धरली आणि पन्नास डब्यांत एक किलो जास्त टाकली, तर वेळेला डब्यामागे तीन रुपये वाढतात. दहा-बारा मुलींनी मिळून महिन्याचे प्रत्येकी एकशेऐंशीच्या आसपास जास्त देऊन घट्ट वरण मागितलं तर नाही म्हणणारी मेस विरळा. एकटीने मागितलं तर मात्र चार दिवस घट्ट येतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं, कारण पातेलं सगळ्यांचं एकच असतं.

पोळीकडेही बघावं. किलोभर कणकेच्या तेहतीस पोळ्या झाल्या तर ३० ग्रॅमची पोळी. पंचेचाळीस लाटल्या तर बावीस ग्रॅमची. 'चार पोळ्या' म्हणून लावलेल्या डब्यात मग तीनच पोळ्यांचं अन्न असतं. भाजलेली पोळी स्वयंपाकाच्या काट्यावर चाळीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवी.

भाजीत सलग तीन-चार दिवस बटाटा येत असेल तर नाशिकमध्ये त्याला काही सबब नाही. मुंबईला भाजी पुरवणारा हा जिल्हा, इथे मेथी-पालक-शेपू मिळत नाही असं कुणी सांगू नये. पालेभाजी निवडायला माणूस लागतं, हे खरं कारण असतं. आठवड्यातून दोनदा पालेभाजी, दोनदा मटकी किंवा हुलग्यासारखं कडधान्य आणि एकदा तरी बाजरीची भाकरी असा फिरता बेत असेल ती मेस पहिली पसंत करावी. दिंडोरी रोडच्या बाजूला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया चालवतात अशा एखाद्या खानावळीत नागलीची (नाचणीची) भाकरी मिळत असेल तर सोडू नये. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात जेमतेम १२०. हाडांची भरती विशीपर्यंत जवळजवळ पुरी होते, नंतर त्या खात्यात फारसं जमा होत नाही. म्हणून या वयात दूध, दही, तीळ, नागली यांतलं काहीतरी रोज पोटात जायलाच हवं.

लोहाचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, लेक्चरला झोप, केस गळणं, हे सगळं 'अभ्यासाचा ताण' या नावावर खपून जातं. डब्यात लिंबाची फोड असेल तर ती आमटीत किंवा मटकीवर पिळायची. कडधान्य-पालेभाजीतलं लोह त्याने जास्त अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. दुपारचा डबा संपवून लगेच टपरीवर जाण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी ही सगळ्यात स्वस्त सुधारणा.

हाफ डब्याबद्दल थोडक्यात. दोन पोळ्या, अर्धी-पाऊण वाटी भाजी, वाटीभर आमटी, भात अर्धा किंवा नाहीच. चारशे-साडेचारशे कॅलरी. हॉस्टेलवर सकाळी भरपेट नाश्ता मिळतो आणि एक जेवण घरी किंवा आत्याकडे होतं, अशा मुलीला तो चालतो. बाकीच्यांना दोन्ही वेळा हाफ लावला तर दिवसाचं जेमतेम नऊशेवर थांबतं. पैशाच्या ओढीने दोघींत एक फुल डबा घेण्याची रीतही खूप आहे. दोघींत भागवायचंच असेल तर एक फुल आणि वर चार पोळ्या, एक वाटी वरण जादा घ्यावं. सुट्या पोळ्या बहुतेक मेस देतात. अशा वाटून खाण्यात एक धोका आहे. दोघींपैकी एक मुद्दाम कमी खात असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डबा रोज रिकामाच परत जातो.

आता तो तिसरा डबा. याच्यावर जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि पैसेही इथेच जास्त मोजले जातात.

डाएट डब्यात साधारण हे येतं: बिनतेलाचे दोन लहान फुलके, दुधी किंवा पालकाची बेचव भाजी, अर्धी वाटी मोड आलेले मूग, काकडी-गाजर, पाणीदार ताक. भात नाही, वरण नाही. बेरीज तीनशे ते साडेतीनशे कॅलरी. दोन वेळचे मिळून सातशेच्या आत. सकाळी जिऱ्याचं किंवा लिंबाचं पाणी, दिवसात दोन चहा, एखादं फळ. दिवस नऊशेवर संपतो. पन्नास किलोची एकोणीस वर्षांची मुलगी नुसती पडून राहिली तरी तिच्या शरीराला श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांसाठी बाराशेच्या आसपास कॅलरी लागतात. ही मुलगी तर पडून नसते. ती सिटीलिंकच्या बसमागे धावते, तीन मजले चढते, प्रॅक्टिकलला चार तास उभी राहते.

किंमत पाहिली तर भात, डाळ आणि तेल काढून टाकलेला हा डबा साध्या डब्यापेक्षा महाग असतो. कच्चा माल कमी, दर जास्त. शेतीतून काबाडकष्ट करून पोरीला शिकायला पाठवणाऱ्या घरातून हे पैसे येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

'पण पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले' हे प्रत्येक जाहिरातीत असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त ती चरबी नसते. यकृत आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून असतं. खाणं एकदम तोडलं की आधी तो साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. काट्यावर ते दोन किलो दिसतात. तिसऱ्या आठवड्यात काटा अडकतो, मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ती फुलका दोनावरून एकावर आणते. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून किलो-दीड किलो वजन आपोआप वाढू शकतं. मेसच्या किंवा जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी काट्याचा फोटो टाकायला लावतात, तिथे हे कुणी सांगत नाही. तसा ग्रुप डब्यासोबत जोडलेला असेल तर तो डबा घेऊच नये, चव कितीही चांगली असली तरी. वीस मुलींनी दर आठवड्याला एकमेकींचं वजन बघणं हा आहाराचा भाग नाही.

अन्न तोडल्यावर डोक्यात काय होतं, हेही चांगलं माहीत आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण पुरुषांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्यांना दिवसाला सरासरी १,६०० च्या आसपास कॅलरी मिळत होत्या, म्हणजे नेहमीच्या निम्म्या. ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. अन्नाशिवाय दुसरा विषय डोक्यात राहिना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक जेवण तास-दोन तास पुरवायचे. भरपूर खायला मिळू लागल्यावरही कित्येकांना पोट भरल्याचं कळत नव्हतं. त्यांच्यात आधी खाण्याचा कुठलाही आजार नव्हता. उपासमारीनेच तो घडवला. डाएट डबा लावलेली मुलगी रात्री अकराला मॅगीची दोन पाकिटं एका बैठकीत संपवते, मग रडते, मग दुसऱ्या दिवशी दुपारचा डबा न उघडता परत पाठवते. तिला 'कंट्रोल नाही' म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. दुपारी जे शरीराला मिळालं नाही तेच ते रात्री मागत असतं. दुपारी वरण-भात खाल्ला असता तर अकराची मॅगी एवढी ओढ लावत नाही. खोलीतून बिस्किटं हद्दपार करून हे सुटत नाही, दुपारचं जेवण पुरतं झालं की बरंचसं सुटतं.

डबा म्हणूनही तो नीट टिकत नाही. तेल न लावलेला फुलका सकाळी साडेनऊला भरला की एक वाजेपर्यंत कडक होतो. मग दोनातला एकच खाल्ला जातो. आठ वाजता चिरलेल्या काकडीला पाणी सुटून मुगात उतरतं. एप्रिल-मेच्या उन्हात डबे पोचवणारे दादा अडीच तास गाडीवर फिरतात, तोवर कच्चे मोड आंबूस होतात. त्यातून पोट बिघडलं की मुलगी म्हणते, बरं झालं, हलकं वाटतंय. मोड आलेलं धान्य वाफवल्याशिवाय डब्यात घालू नये, हा नियम साध्या डब्यालाही लागू आहे.

एक गट असा आहे ज्याने डाएट डब्याच्या वाटेला अजिबात जाऊ नये. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर ८०० मीटरचे राऊंड मारायचे, गोळाफेकीचा सराव करायचा आणि 'वजन कमी तर वेग जास्त' म्हणून दुपारी दोन फुलके खायचे, हा प्रकार सर्रास चालतो. खर्च मोठा आणि जमा कमी झाली की शरीर आधी पाळी बंद करतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'बरंय, सरावाला त्रास नाही' म्हणायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. पाळी थांबते तेव्हा हाडं राखणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटलेलं असतं, आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन ऐन मैदानी चाचणीच्या वेळी मुलगी घरी बसते. अशा मुलीला फुल डब्यावर सकाळी दोन केळी, सराव झाल्यावर दोन अंडी किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ, रात्री कपभर दूध एवढं वर लागतं.

पीसीओडीचं (अंडाशयाशी निगडित, पाळी अनियमित करणाऱ्या विकाराचं) निदान झालेल्या मुली डाएट डब्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक आहेत. ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्यांना ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी पाळी सुधारायला मदत होते, हे खरं आहे. पण ते महिन्यांच्या हिशोबाने आणि पोटभर जेवून उतरवायचं असतं. भात निम्मा करून वरण दुप्पट, पोळीऐवजी बाजरी-ज्वारीची भाकरी, रोजचं चालणं. आणि पीसीओडी असलेल्या बऱ्याच मुली मुळात बारीकच असतात. त्यांना 'वजन कमी कर' हा सल्ला लागू नाही. वजन जास्त आहे की नाही हे आरशाने किंवा रीलमधल्या कमरेने ठरत नाही. आशियाई लोकांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ ते २२.९ हा निरोगी पट्टा धरतात. १५५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला साधारण साडेचव्वेचाळीस ते पंचावन्न किलो. त्रेपन्न किलोची मुलगी 'मला पंचेचाळीसवर यायचंय' म्हणून डाएट डबा लावते तेव्हा ती निरोगीच असते. तिला कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. बहुतेक वेळा घरातलंच माणूस, लग्नाच्या बायोडेटाच्या फोटोवरून.

उपवासाचा डबा वेगळा विषय होईल, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आधी फक्त चतुर्थी धरणारी मुलगी सोमवार, गुरुवार, शनिवार धरायला लागली तर भक्तीबरोबर दुसरं काही चाललंय का, हे मैत्रिणीने हळूच पाहावं. उपवासाला कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून न जेवायला ती सोयीची आड असते. मेसने उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी देऊ नये, तीत पिष्ट आणि तेलच जास्त. भगर, घट्ट दाण्याची आमटी आणि दही हा आपल्याकडचा जुना बेत खिचडीपेक्षा कितीतरी सरस आहे.

डबेवाल्यांच्या हातात एक गोष्ट आहे जी डॉक्टरांच्याही हातात नाही. परत आलेला डबा. रोज पोळ्या तशाच आणि भाजी-काकडी तेवढी संपलेली, किंवा आठवडाभर भात न उघडलेला, किंवा डबा धुऊन इतका चकचकीत की अन्न कुठे गेलं ते कळू नये, हे सगळ्यात आधी काकूंना दिसतं. अशा वेळी 'काय गं, बारीक व्हायचंय का?' किंवा 'छान बारीक झालीस' यातलं काहीच म्हणू नये. दोन्हींचा परिणाम एकच होतो, मुलगी लपवायला शिकते. 'पोळ्या परत आल्या गं बाळा, कडक झाल्या होत्या का? उद्या भाकरी टाकू?' एवढं पुरतं. शरीराबद्दल अवाक्षर नाही, जेवणाबद्दल विचारणा. आम्ही मेस निवडताना चवीइतकेच गुण या एका सवयीला देऊ. आणि आईने फोनवर 'जेवलीस का' विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' येतं. 'आज भाजी कोणती होती, कशी झाली होती?' असं विचारावं. खाल्लेली मुलगी भाजीला नावं ठेवते. न खाल्लेली विषय बदलते.

खाण्याचा आजार ओळखायला ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झालेली पाच प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात. पोट फार भरल्याचा त्रास होतो म्हणून तू मुद्दाम उलटी काढतेस का? किती खाल्लं यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोच्या वर वजन घटलं का? बाकीचे बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का? अन्नाने आपलं सगळं आयुष्य व्यापलंय असं वाटतं का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. हे निदान नव्हे, दार ठोठावण्याची खूण आहे. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, चक्कर येऊन पडणं, जेवल्यावर रोज बाथरूमला जाऊन नळ सोडून ठेवणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, यातलं काही असेल तर वाट बघू नये. वारंवार उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मुलगी वरून धडधाकट दिसत असते तेव्हाही. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिला दाखवावं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. खोलीतल्या मैत्रिणीने पोलिसगिरी करू नये, ताटावर नजर ठेवू नये. सोबत जेवायला बसावं, जेवताना वजनाचा विषय काढू नये आणि दवाखान्यात सोबत जावं.

डबा लावताना करायच्या गोष्टी आता पटकन. पूर्ण महिन्याचे पैसे आधी देऊ नयेत, तीन दिवसांचा ट्रायल घ्यावा. त्यातला एक दिवस कडधान्याचा आणि एक पालेभाजीचा असावा. पावतीवर किंवा पॅम्फ्लेटवर अन्न सुरक्षा विभागाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक आहे का पाहावं. घरगुती मेसलाही नोंदणी लागते. सुट्टीला गावी गेल्यावर खाडे (डबा न घेतल्याचे, पैशांतून वजा होणारे दिवस) किती धरतात, हे आधी ठरवावं, नाहीतर पैसे बुडू नयेत म्हणून दिवाळीला निघायच्या दिवशी शिळं बांधून नेलं जातं. डबा तीन पुडांचा असेल तर भात आणि भाजी एकात येतात आणि भाताचं माप हमखास कमी होतं. चार पुडांचा मागावा.

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. दुपारी फीस्ट म्हणून पुरी-श्रीखंड येतं, 'आज खूप झालं' म्हणून रात्री काही खायचं नाही असं ठरतं आणि सोमवारी सकाळी अर्धवट पोटाने आठच्या लेक्चरला पळापळ होते. दुपारच्या दोन पुऱ्या कमी खाऊन हे भरून निघत नाही. शनिवारीच अर्धा लिटर दूध, चार अंडी, पाव किलो फुटाणे आणि डझनभर केळी आणून ठेवावीत. अंडी इंडक्शनवर उकडायची, पाण्याला उकळी आल्यापासून नऊ-दहा मिनिटं. शाकाहारी मुलीने दुपारच्या डब्यासोबत चार पोळ्या आणि वाटीभर मटकी जादा मागून ठेवावी. उन्हाळ्यात मटकी खराब होते, तेव्हा दही-पोहे आणि वरून मूठभर दाणे. वरती लिंबू.